भिडे नव्हे, बिडे

"सकाळी पोट साफ झालं का?" इस्माईलने दारातूनच विचारलं.

रविवार होता. साडेआठ वाजले असतील. मी पडवीत खुर्चीवर बसलो होतो आणि माझी बायको वैजयंता बशीने मला चहा पाजत होती. घरात पाऊल टाकल्या टाकल्या असा प्रश्न विचारणारा माणूस दुसरा कोणी असता तर मी त्याला हाकललं असतं. पण इस्माईल आणि मी शाळेत एका बाकावर बसलेलो. तो नळकाम करायचा, आमच्याच गल्लीत राहायचा.

"नाही अजून," मी म्हणालो.

"मग करू नकोस. रिक्षा आणलीय. चल, बिडे बघायला जायचंय."

वैजूने बशी खाली ठेवली. "भिडे? कुठले भिडे? डॉक्टर आहेत का?"

"भिडे नव्हे वहिनी, बिडे. ब."

"ते कोण?"

"कोण नाही. वस्तू आहे. आल्यावर हाच सांगेल."

मला जायचं नव्हतं. सात महिन्यांत मी दवाखान्याखेरीज कुठे गेलो नव्हतो. अंबडच्या एका लहान कारखान्यात मी पॉवर प्रेसवर होतो. पत्रा सरकवताना मशीनचा एक ठोका जादा पडला आणि माझे दोन्ही पंजे गेले. उजवा हात मनगटाच्या जरा वरपर्यंत उरला, डावा कोपराखाली वीतभर. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो.

एक सांगतो. माणूस फार लवकर शिकतो. चार महिन्यांत मी उजव्या हाताला पट्ट्याने चमचा बांधून जेवायला लागलो. दात घासायला लागलो. वैजूने माझ्या पायजम्यांना कमरेशी दोन्ही बाजूंना कापडाचे मोठे फास शिवले होते. त्यांत हात अडकवून मी पायजमा वरखाली करू शकायचो. दार उघडायचं, पंखा लावायचा, वर्तमानपत्राचं पान उलटायचं, सगळं जमवलं. एकच गोष्ट राहिली होती, आणि ती रोजची होती.

ती वैजू करायची. तोंडातून एक शब्द न काढता करायची. मी संडासात बसलो की ती दाराबाहेर उभी राहायची. "झालं" म्हटलं की तांब्या घेऊन आत यायची. मी भिंतीकडे बघत बसायचो. तिथे एक पोपडा सुटलेला होता, त्याचा आकार मी आजही काढून दाखवीन. बाहेर आल्यावर आम्ही दोघं दहा-पंधरा मिनिटं एकमेकांशी बोलत नसू. मग तीच काहीतरी विषय काढायची, भाजी काय करू वगैरे. मी एक वेळचं जेवण सोडलं होतं. भूक नाही, असं सांगायचो. तिला खरं कारण कळत होतं आणि तिला कळतंय हे मला कळत होतं.

त्यात मागच्या आठवड्यात पत्र आलं होतं. वैजूची बालवाडी शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली होती. धुळ्याला एक महिना राहायचं होतं. अपघाताच्या आधी तिने अर्ज केला होता आणि आम्ही दोघं तो विसरूनही गेलो होतो. येणार की नाही त्याचं पत्र सोमवारपर्यंत टाकायचं होतं. माझी थोरली बहीण, आक्का, ओझरहून यायला तयार होती. स्वयंपाकपाणी बघेन म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि तुझं सगळंही करीन. लहानपणी केलंच आहे की." मी तिला नको म्हणून सांगितलं. त्या रात्री वैजूने नकाराचं पत्र लिहून ठेवलं आणि डब्याखाली दाबून ठेवलं. सोमवारी टाकणार होती.

तेव्हा रविवारी मी इस्माईलच्या रिक्षात बसलो तो केवळ घरातल्या त्या पत्रापासून लांब जावं म्हणून.

गंगापूर रोडला एका नव्या बंगल्यावर इस्माईलचं काम चालू होतं. लाद्या बसल्या होत्या, रंग बाकी होता. सगळीकडे चुन्याचा वास. त्याने मला थेट खालच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये नेलं. पांढरा कमोड होता, त्यात वेगळं काही दिसलं नाही.

"वाक आणि आत बघ," तो म्हणाला.

बैठकीच्या खाली, मागच्या बाजूला एक छोटी तोटी होती. भांड्याच्या आत डोकावणारी.

"इकडून पाणी सोडलं की ही तोटी बरोबर जागेवर धार मारते. हात लावायचं काम नाही. बाहेरच्या देशात सर्रास असतं. मालकिणीने मुद्दाम मागवलंय. बसवताना माझ्या डोक्यात तूच होतास."

मी तोटीच बघत होतो. "पण नळ फिरवायला हात लागतोच ना?"

"तो काढला मी." इस्माईल हसला. "दवाखान्यात डॉक्टर ऑपरेशनच्या आधी हात धुतात, तिथला नळ बघितलायस? लांब दांड्याचा, कोपराने ढकलतात तो. तो लावलाय. उजवीकडे ढकलला की चालू, डावीकडे की बंद. पाणी टाकायचा खटकापण कोपराने दाबता येईल असा आहे."

"मालकिणीला विचारलंस?"

"ती बुधवारी येते. तोपर्यंत जुना परत लावीन."

माझी अडचण वेगळीच होती. ती ओठांवर आणायला मला वेळ लागला.

"इस्माईल, धुतलं गेलं की नाही हे कसं कळणार? हात नसेल तर कळतच नाही."

त्याने कोपऱ्यातल्या लाकडी स्टुलाकडे मान वळवली. स्टुलावर पांढऱ्या धोतराचं फडकं चौघडी करून ठेवलं होतं. शेजारी तशीच आणखी चार. "त्याच्यावर बसायचं. उठून बघायचं. डाग दिसला तर परत कमोडवर. पुसणंही होतं आणि कळतंही. दोन दिवस विचार करत होतो यार मी यावर." मग तो दाराशी गेला. "मी बाहेर आहे. हाक मारलीस तरच येईन."

तो गेला. दाराला आडवी कडी होती, नवी, जरा घट्ट. मी उजव्या हाताचं टोक तिच्यावर टेकवून सरकवली. ती खट्ट करून बसली.

सात महिन्यांत मी आतून कडी लावली नव्हती. लावायचं कारणच नव्हतं, वैजूला आत यायचं असायचं. मी त्या बंद दाराकडे जरा वेळ बघत राहिलो.

मग बसलो. वेळ लागला, कारण अंगाला ती सवयच उरली नव्हती. कोणी बाहेर ताटकळत नाही, हे पोटाला पटायलाही वेळ लागतो. झाल्यावर मी कोपराने दांडा ढकलला, आणि जरा जास्तच ढकलला. गार पाण्याची धार अशी जोरात आली की मी बसल्या जागी उडालो. पाणी पाठीवरून सदऱ्यापर्यंत गेलं. मी दांडा झटकन मागे घेतला आणि मला हसू फुटलं. मोठ्याने हसलो.

"काय झालं?" बाहेरून इस्माईल.

"काही नाही. जोर जास्त आहे."

"हळू ढकल. दोन बोटं."

"दोन बोटं कुठून आणू?"

तोही हसला. दुसऱ्यांदा मी दांडा हळूहळू नेला. धार बारीक आली आणि जिथे यायला हवी तिथेच आली. अंग थोडं पुढे, थोडं मागे करायचं, हेही लक्षात आलं. मनात साठ आकडे मोजले, बंद केलं, उठून स्टुलावर बसलो.

तेवढ्यात बाहेर गाडीचा आवाज आला. चपला वाजल्या. मग बाईमाणसाचा आवाज, करकरीत.

"इस्माईल, रविवारी काय करताय इथे?"

"बाई... तुम्ही आज? बुधवारी येणार होतात ना?"

"यांना घर दाखवायला आणलंय. गाडीत बसलेत. आत कोण आहे?"

"ते... टेस्टिंग चाललंय, बाई."

"कसलं टेस्टिंग?"

मी उठून फडकं बघितलं. डाग होता.

आता या घडीला सरळ उपाय एकच दिसत होता. पायजमा वर ओढून बाहेर जायचं, माफी मागायची, रिक्षा करायची आणि घरी वैजूला तांब्या घेऊन बोलवायचं. माझ्यामुळे इस्माईलचं काम जाणार हे दिसतच होतं, तेव्हा लवकर बाहेर जाणं शहाणपणाचं होतं. दारावर टकटक झाली.

"कोण आहे आत? बाहेर या."

"बाई, माझं अजून झालेलं नाही," मी म्हणालो. "झालं की येतो."

माझा आवाज मलाच नवा वाटला. प्रेसवर असताना मी शिकाऊ पोरांशी या आवाजात बोलायचो.

मी डागाचं फडकं पायाने बादलीत ढकललं. दुसरं फडकं दातांत धरून स्टुलावर पसरलं. परत कमोडवर बसलो. या वेळी घाई केली नाही. दांडा नीट नेला, अंग हलवलं, शंभरपर्यंत मोजलं. बाहेर कोणी बोलत नव्हतं. उठलो, फडक्यावर बसलो, पूर्ण भार देऊन बसलो, आणि उठून वळून बघितलं.

फडकं ओलं झालं होतं. पण पांढरं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसतं पांढरं.

मी ते वाकून, जवळून, दोनदा बघितलं. मग खटका दाबला, फासांत हात घालून पायजमा वर घेतला, कडी सरकवली आणि बाहेर आलो.

साठीच्या पुढच्या बाई होत्या. सुती साडी, चष्मा, हातात छत्री. मालतीबाई चंद्रात्रे. शाळेत मुख्याध्यापिका होत्या हे मला नंतर कळलं, पण समोर उभा राहिल्यावर वाटलंच. त्या काहीतरी बोलायला निघाल्या होत्या. त्यांची नजर माझ्या सदऱ्याच्या बाह्यांवर गेली आणि त्या थांबल्या.

"चूक माझी आहे, बाई," इस्माईल म्हणाला. "मी याला आणलं. नळही मीच बदललाय. आत्ता सगळं धुऊन देतो, जुना नळ लावतो."

बाईंनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्या आत जाऊन दांड्याचा नळ बघून आल्या. "तुम्ही एकटे होतात आत?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"आणि सगळं... नीट झालं?"

"पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा झालं."

त्या सिमेंटच्या पोत्यावर टेकल्या. छत्री मांडीवर आडवी घेतली. "आमच्या यांना, वकीलसाहेबांना, कंपवात आहे. हात इतके हलतात की पेला धरवत नाही. मदतीला दोन माणसं ठेवली, दोघांना त्यांनी शिव्या देऊन घालवलं. मला तर आत येऊच देत नाहीत. मग कसेबसे उरकतात आणि..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "हे मागवलं, तर म्हणतात मी असल्या यंत्रावर बसणार नाही. मी सांगून ऐकायचे नाहीत. तुम्ही सांगाल?"

"मी काय सांगणार?"

"जे झालं ते."

गाडी फाटकाशी उभी होती, पांढरी मारुती. मागच्या सीटवर एक गोरे, ताठ म्हातारे बसले होते. कोट घातला होता. दोन्ही हात मांडीवर एकमेकांत गुंतवले होते, तरी ते हलतच होते. बाईंनी ड्रायव्हरला मागची काच खाली करायला सांगितली.

"हे तुमच्याशी बोलणार आहेत," त्या म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "कशाबद्दल?"

"साहेब, मी आत्ता तुमचं बाथरूम वापरलं. न विचारता. आधी त्याची माफी मागतो."

आता त्यांनी मान वळवली. माझा चेहरा बघितला, मग बाह्या.

"वापरलं म्हणजे काय?"

"म्हणजे सगळंच."

"बरोबर कोण होतं?"

"कोणी नाही."

"मिस्त्री?"

"तो बाहेर होता. मी आतून कडी लावली होती."

त्यांचे डोळे बारीक झाले. पुढचे प्रश्न त्यांनी असे विचारले, जणू मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होतो. "पाणी कशाने सोडलंत?"

"कोपराने."

"स्वच्छ झालं हे कशावरून?"

मी स्टुलाचं आणि फडक्याचं सांगितलं.

"किती वेळा?"

"दोन वेळा. पहिल्या फडक्यावर डाग होता, दुसऱ्यावर नव्हता. दोन्ही फडकी आत आहेत, साहेब. पुराव्याला हवी तर दाखवतो."

त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मग ते खो-खो हसायला लागले. हसताना हात आणखी जोरात हलत होते आणि त्यांनी ते लपवायचा प्रयत्न केला नाही. हसणं थांबल्यावर ते म्हणाले, "मालती, दार उघड. मला उतरायचंय."

ते काठी टेकत, भिंत धरत बाथरूमपर्यंत गेले. बाई मागोमाग जात होत्या. दाराशी ते वळले. "तू इथेच थांब," म्हणाले. दार लागलं. आतून कडी सरकवायचा खटाटोप ऐकू आला, बराच वेळ, खटखट, खटखट. मग ती बसली.

आम्ही तिघं हॉलमध्ये उभे होतो. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. इस्माईल पान्याशी चाळा करत होता. मग पाण्याचा सूं असा आवाज आला आणि पाठोपाठ आतून एक सणसणीत शिवी. बाईंनी डोळे मिटले. आणखी दहा-बारा मिनिटं गेली असतील. वकीलसाहेब बाहेर आले तेव्हा त्यांचा कोट पाठीमागून चिंब झाला होता.

"मिस्त्री," ते म्हणाले, "जोर कमी करा. आणि हा नळ बदलायचा नाही."

निघताना बाईंनी इस्माईलला सांगितलं की त्यांच्या जुन्या घरातला कमोड आता निघणारच आहे, तो त्याने माझ्याकडे नेऊन बसवावा. मी दोन्ही हात कोपरांशी जुळवून नमस्कार केला. त्यांनी तो नीट, पूर्ण घेतला.

घरी आलो तर वैजू भाकरी थापत होती.

"काय निघालं ते बिडे?"

मी तिला सगळं सांगितलं. कडीचं सांगितलं, फडक्याचं सांगितलं. वकीलसाहेबांचं सांगताना मला वाटलं ती हसेल, पण ती तव्याकडे बघत राहिली. भाकरी करपायला लागली तेव्हा तिने ती उतरवली.

"खरंच पांढरं होतं?"

"खरंच."

"उद्या पत्र टाकायचंय मला," ती म्हणाली.

"दुसरं लिही. येते म्हणून लिही."

"अजून तो कमोड आला नाही. बसला नाही. आपल्या पाण्याला तेवढा जोर नसला तर?"

"टाकी वर चढवू. इस्माईल बघेल."

"आणि नाही जमलं तर?"

"वैजू, मी आज करून आलोय."

तिने हात पुसले. डब्याखालचं पत्र काढलं, चुलीत घातलं आणि वहीचा कागद घेऊन माझ्यासमोरच बसली. लिहिताना मध्येच तिचं नाक वाहायला लागलं. तिने ते पदराने पुसलं आणि पुढचं वाक्य पूर्ण केलं.

कमोड गुरुवारी बसला; तोटी आणि दांड्याचा नळ इस्माईलने जोडून दिला. टाकी खरंच चढवावी लागली. शुक्रवारी, शनिवारी मी दोन्ही वेळा जेवलो. वैजू सवयीने दाराबाहेर येऊन उभी राहायची आणि मी आतून सांगायचो, जा, तुझी बॅग भर. ती दोन पावलं जायची आणि परत यायची. मला पावलं ऐकू यायची.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. पुढे मी इस्माईलबरोबर पुष्कळ घरी गेलो. कोणाचे हात गेलेले, कोणाच्या अंगावरून वारा गेलेला, कोणी नुसताच म्हातारा झालेला. नळ इस्माईल बसवायचा, बाकीचं मी सांगायचो. बायका सांगतात ते पुरुष ऐकत नाहीत आणि डॉक्टर सांगतात ते कोणाला कळत नाही. माझं ऐकायचे, कारण मी आधी स्वतःचं सांगायचो. वैजूची बालवाडी आज दोन वर्गांची आहे. पण मला विचाराल तर हे सगळं वैजू धुळ्याला निघाली त्या सोमवारी सकाळी घडलं.

धुळ्याची गाडी सव्वासातची होती. इस्माईलने फाटकाशी रिक्षा आणून ठेवली होती. आक्का स्वयंपाकपाणी बघायला आदल्या दिवशीच आली होती, ती आत चहा करत होती. आणि मला नेमकं त्याच वेळी जावं लागलं.

"अहो," बाहेरून वैजूचा आवाज आला. "साडेसहा वाजले."

"मग नीघ."

"तुमचं होऊ दे. मी थांबते."

"मला वेळ लागेल. गाडी चुकेल."

दाराच्या फटीतून तिच्या साडीचा काठ दिसत होता. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर ती थांबली असती.

"येते मी," ती म्हणाली.

"ये."

काठ हलला. पावलं अंगणातून गेली. फाटक वाजलं. मी कान देऊन ऐकत होतो, आता परत येतील, आता येतील. रिक्षा सुरू झाली, गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिचा आवाज बाकीच्या आवाजांत मिसळून गेला. पावलं परत आली नाहीत. मी कोपराने दांडा हलकेच उजवीकडे ढकलला.